मेलेला गडी परत कोठे येतो? : हुतूतूतील संजीवनीचा नियम आणि बाद खेळाडूंच्या जागेचा इतिहास

प्रस्तावना

देशी खेळांच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा तीन अंगांनी होतो. खेळाची प्राचीनता सिद्ध करणे, त्याला लाभलेला राजाश्रय किंवा लोकाश्रय सांगणे आणि स्पर्धांची व पदकांची नोंद करणे ही ती तीन अंगे होत. नियम हे मात्र परिशिष्टात टाकण्याचे साहित्य समजले जाते. वास्तविक खेळ खेळणाऱ्या समाजाने न्याय, शिक्षा, सोबत आणि संधी यांविषयी काय ठरविले होते, हे नियमांइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच वाचावयास मिळते. प्रस्तुत लेखात असा एकच नियम विचारासाठी घेतला आहे. खेळात ‘मेलेला’ गडी परत येतो काय, येत असल्यास कोणाच्या बळावर येतो आणि कोणत्या जागेवरून येतो, हा तो नियम होय.

हा प्रश्न आजच्या संगणकीय खेळांनी पुन्हा ठळक केला आहे. स्वीडनमधील मोजांग या कंपनीचा ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ २००९ मध्ये प्रथम लोकांसमोर आला व २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. आपल्या महाविद्यालयांत आज प्रवेश घेणारे अनेक विद्यार्थी तो खेळतच मोठे झाले आहेत. त्यात ठरावीक कथानक नाही. चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट जग असते व खेळणारा त्यात हवे ते बांधतो. या जगात खेळाडू मेला तर तो पुन्हा प्रकट होतो. परंतु कोठे प्रकट व्हावयाचे, हे त्याने जिवंतपणीच ठरवून ठेवलेले असावे लागते. सामान्यतः त्यासाठी खाट मांडावी लागते. ‘नेदर’ नावाच्या पाताळसदृश प्रदेशात मात्र खाट वापरू गेल्यास तिचा स्फोट होतो. म्हणून २०२० मध्ये तेथे ‘रिस्पॉन अँकर’ नावाचा एक खास ठोकळा आणला गेला. विशिष्ट काळ्या दगडाचे सहा व प्रकाशमान दगडाचे तीन ठोकळे वापरून तो घडवितात. त्यात प्रकाशमान दगड घालून अधिकाधिक चार वेळा पुरेल एवढी शक्ती भरता येते. प्रत्येक पुनरागमनाला त्यातील एक भाग खर्ची पडतो. शक्ती संपली की ती जागाही गेली. म्हणजे परत येण्याचा हक्क येथे साठविता येतो, आणि तो ज्याचा त्याने स्वतःपुरता साठवावयाचा असतो.

महाराष्ट्रातील खेळांत हा हक्क कोणाकडे होता? हुतूतूच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते, आणि ते माइनक्राफ्टच्या उत्तराहून अगदी निराळे आहे.

मरण आणि उठणे : अंगणातील खेळ

मराठी मुलांच्या खेळांत गडी बाद होत नाही, तो ‘मरतो’. ‘बाद’ हा शब्द मागाहून, छापील नियमांबरोबर रूढ झाला असावा. हा मेलेला गडी उठविण्याच्या निरनिराळ्या सोयी या खेळांनी केलेल्या आहेत. विषामृतात ज्याच्यावर राज्य असते त्याने ‘विष’ म्हणून शिवले की गडी जागच्या जागी खिळतो. सोबत्याने ‘अमृत’ म्हणून हात लावला की तो त्याच जागेवरून पुन्हा पळू लागतो. मरणाची जागा आणि उठण्याची जागा येथे एकच आहे. फरक पडतो तो सोबत्याने तेथवर येण्याचा धोका पत्करला की नाही, एवढ्याने.

डबा ऐसपैसमध्ये निराळीच युक्ती आहे. पुण्यातील वाड्यांच्या चौकांत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. वर्तुळात ठेवलेला पत्र्याचा डबा हाच त्याचा केंद्रबिंदू. लपलेले गडी एकेक सापडत जातात व बाजूला उभे राहतात. परंतु न सापडलेल्या एखाद्याने राज्य असलेल्याची नजर चुकवून डबा लाथाडला की सापडलेले सारेच सुटतात. सर्वांचे प्राण एका वस्तूत ठेवणे ही कल्पना राक्षसाचा जीव पोपटात ठेवणाऱ्या लोककथांच्या जातीची आहे. येथे मात्र त्या वस्तूला आघात झाला म्हणजे मरण न येता जीव परत मिळतो, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

बैठ्या खेळांपैकी सारीपाटाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. पटाच्या चार भुजा, प्रत्येक भुजेत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकंदर ९६ घरे आणि मध्ये एक मोठा चौकोन. सोळा सोंगट्या या मधल्या चौकोनातून निघतात, बाहेरच्या कडेने पट फिरतात व पुन्हा मध्यातच येतात. वाटेत प्रतिपक्षाने मारलेली सोंगटीही मध्यातच येते. प्रवास पुरा केलेली आणि मारली गेलेली अशा दोघींचे ठिकाण एकच. पहिलीची फेरी संपलेली असते आणि दुसरीला ती पहिल्यापासून करावयाची असते. जेजुरीच्या खंडोबाची लोककथा या संदर्भात आठवते. म्हाळसेशी सारीपाटात हरून देव बारा वर्षे घराबाहेर पडतो व बाणाईकडे जातो. पटावरील हार तेथे खरोखरीची वनवासाची मुदत होते.

मोक्षपटावर या कल्पनेला उघड तात्त्विक रूप मिळाले. पुण्यात डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातील मोक्षपटांकडे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्या पटांवर पन्नास घरे असून पहिले घर ‘जन्म’ व शेवटचे ‘मोक्ष’ आहे. या पटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देण्याचा प्रघात वृत्तपत्रांतून चांगलाच रुजला आहे. तथापि आज उपलब्ध असलेले या जातीचे पट अठराव्या शतकापासूनचे आहेत, आणि मधली चार-पाच शतके केवळ श्रद्धेने ओलांडणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे की मोक्षपटावर खेळणारा मरतच नाही. साप त्याला खाली आणतो एवढेच. आणि किती खाली, हे ज्या दुर्गुणाच्या घरात तो पडला त्यावर अवलंबून असते. परत येण्याची जागा कर्माने ठरते.

हुतूतूचे तीन प्रकार

मैदानी सांघिक खेळांत हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उपस्थित होतो तो हुतूतूत. महाराष्ट्रातील हुतूतू, तमिळनाडूतील चेडुगुडू, बंगालमधील हाडुडू व उत्तरेकडील कबड्डी हे एकाच कुळातील खेळ होत. दम धरून प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावयाचे, शिवून परत यावयाचे, हा गाभा सर्वत्र सारखा आहे. मतभेद होता तो शिवल्या गेलेल्या गड्याचे पुढे काय करावयाचे याविषयी, आणि त्यावरूनच या खेळाचे तीन प्रकार ओळखले गेले.

पहिला अमर. यात शिवला गेलेला गडी मैदान सोडीतच नाही. प्रतिपक्षाच्या नावावर गुण मांडला जातो व खेळ तसाच पुढे चालतो. दुसरा गामिनी, ज्याला गनिमी असेही म्हणतात. यात बाद झालेला गडी बाहेर जातो तो जातोच. त्याच्या संघातील शेवटचा गडी बाद होईपर्यंत त्याला परत येता येत नाही. संपूर्ण संघ बाद झाला म्हणजे प्रतिपक्षाला एक गुण मिळावयाचा आणि असे पाच किंवा सात गुण होईपर्यंत सामना चालावयाचा. वेळेचे बंधन नाही. तिसरा संजीवनी. यात आपल्या संघाने प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन मैदानात परततो.

या तिसऱ्या प्रकाराचे नाव फार अर्थपूर्ण आहे. महाभारताच्या आदिपर्वातील कच-देवयानीच्या आख्यानात देव व दैत्य असे दोन पक्ष लढत आहेत आणि शुक्राचार्यांजवळ संजीवनी विद्या असल्यामुळे दैत्यांचे मेलेले योद्धे पुन्हा उठतात. बृहस्पतींजवळ ती विद्या नाही. म्हणून कच ती मिळविण्यासाठी जातो व तेथे तीनदा मारला जातो. तिसऱ्या खेपेस त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांच्याच पोटात जाते. आता कच उठावयाचा तर तो गुरूच्या पोटातूनच उठला पाहिजे. म्हणजे एकाच्या जगण्याची किंमत दुसऱ्याचे मरण ही आहे. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ हे नाटक १९१३ मध्ये रंगभूमीवर आले. हुतूतूला लेखी नियमांत बसविण्याचे प्रयत्न ज्या वर्षांत चालू झाले, त्याच सुमारास मराठी प्रेक्षक हे आख्यान रंगमंचावर पाहात होता. या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण ‘संजीवनी’ हा शब्द त्या पिढीच्या कानांवर किती ताजा होता, याची कल्पना त्यावरून यावी. हुतूतूच्या नियमात आख्यानातील तीच देवघेव आहे : समोरचा एक मेल्याखेरीज आपला एक उठत नाही.

नियमलेखन आणि निवड

देशी खेळांचे नियम लिहून काढण्याच्या चळवळीत पुणे व बडोदे ही दोन केंद्रे अग्रभागी होती. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. हुतूतूच्या बाबतीत, संघटनेच्या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या इतिहासानुसार, १९१८ मध्ये महाराष्ट्रात नियमांना आकार आला व १९२३ मध्ये ते छापील स्वरूपात येऊन त्यांनुसार बडोद्यास स्पर्धा झाली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३० नंतरच्या दशकात देशी खेळांच्या नियमावल्या सिद्ध केल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. हुतूतू हे नाव मागे पडून कबड्डी हे नाव सर्वत्र झाले आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीचा समावेश झाला. ही वाटचाल सुपरिचित आहे.

त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली गोष्ट अशी की या वाटचालीत तीनपैकी एकच प्रकार अधिकृत ठरला. तो संजीवनी. असे का झाले असावे? गामिनीला घड्याळ मानवत नाही. एका दिवसात अनेक सामने उरकावयाच्या स्पर्धेत पाच-सात संपूर्ण संहार होईपर्यंत वाट पाहणे कोणत्याही संयोजकाला परवडणारे नव्हते. शिवाय पहिल्याच चढाईत बाद झालेला उत्तम खेळाडू दीर्घकाळ बाहेर बसून राहणार. म्हणजे ज्याला पाहावयास प्रेक्षक आले तोच दिसणार नाही. अमरमध्ये अडचण उलट होती. कोणीही बाहेर जात नसल्यामुळे पंचाच्या कागदाखेरीज सामन्याची स्थिती कोणालाच दिसत नाही. संजीवनीत मैदानावरील माणसे मोजली की कोणाची सरशी आहे हे लांबच्या प्रेक्षकालाही कळते, आणि वेळही बांधता येते. चाळीस मिनिटांचा सामना, मध्ये पाच मिनिटे विश्रांती, ही रचना पुरुषांच्या खेळात स्थिरावली ती संजीवनीच्याच आधारावर.

खो-खोची तुलना येथे उद्‌बोधक ठरते. त्यात पळती करणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. बाद झालेल्या पळणाऱ्याला कोणताही सोबती उठवू शकत नाही. सर्व नऊ जण वेळेच्या आत बाद झाले तरच तीच यादी त्याच क्रमाने पहिल्यापासून सुरू होते. एकाच काळात, एकाच प्रकारच्या संस्थांत नियमबद्ध झालेल्या दोन खेळांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली. तेव्हा हुतूतूतील संजीवनी ही केवळ काळाची अपरिहार्यता नव्हती; ती निवड होती.

बाद खेळाडूंची जागा

संजीवनी स्वीकारताच एक नवी गरज निर्माण झाली. परत येणारा गडी कोठे थांबावयाचा? गामिनीत मेलेला गडी झाडाखाली जाऊन बसला तरी बिघडत नाही. अमरमध्ये तर प्रश्नच नाही. परंतु कोणत्याही क्षणी हाक येण्याचा संभव असेल तर त्याची जागा निश्चित असली पाहिजे. कबड्डीच्या नियमावलीत ही जागा आखून दिलेली आहे. इंग्रजी नियमांत तिला ‘सिटिंग ब्लॉक’ म्हणतात. ती अंतिम रेषेच्या मागे दोन मीटर अंतरावर असते. पुरुषांसाठी आठ मीटर लांब व एक मीटर रुंद, महिलांसाठी सहा मीटर लांब व एक मीटर रुंद. संघ पूर्वी नऊ जणांचा होता, आता सात जणांचा आहे. फक्कीच्या चार रेघांनी आखलेली ही पट्टी मैदानाच्या बाहेर आहे, आणि तरीही खेळाच्या आत आहे. तेथे बसलेला माणूस प्रेक्षक नाही आणि खेळाडूही नाही. आपल्याकडे ‘त्रिशंकू’ हा शब्द कोठेही वापरण्याची खोड आहे. येथे मात्र तो अक्षरशः लागू पडतो.

या पट्टीचा खरा कायदा म्हणजे क्रम. जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो. संघनायकाला आपला हुकमी चढाईबहाद्दर रांग मोडून आधी बोलाविता येत नाही. मला हा नियम कबड्डीतील सर्वांत लोकशाहीनिष्ठ नियम वाटतो. मैदानावर गुणवत्तेप्रमाणे स्थान मिळते : कोपरारक्षक कोण, चढाई कोणी करावयाची, हे कौशल्यावर ठरते. मागच्या पट्टीत मात्र सर्वांची किंमत एक. नवखा खेळाडू आधी बाद झाला असेल तर राष्ट्रीय कीर्तीच्या खेळाडूने त्याच्यामागे थांबावयाचे. शिधावाटप दुकानापासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र रांगेतील वशिला पाहिलेल्या वाचकाला या क्रमाचे मोल निराळे सांगावयास नको.

दुसरी सूक्ष्म बाब गुण आणि जीव यांच्या संबंधाची. बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागे एक गुण मिळतो व आपला एक गडी उठतो. तेथे दोन्ही हिशेब जुळतात. परंतु बोनस रेषा ओलांडून मिळविलेल्या गुणाने कोणी उठत नाही. लोणाच्या दोन जादा गुणांनीही नाही. अलीकडे आलेल्या ‘सुपर टॅकल’मध्ये तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी चढाई करणाऱ्याला पकडले तर एक जादा गुण मिळतो, पण उठतो एकच. बक्षीस म्हणून दिलेला गुण फळ्यावर चढतो. माणूस परत मिळण्यास समोरचा माणूसच बाद व्हावा लागतो. नियमांत पुढे कितीही भर पडली तरी कचाच्या आख्यानातील देवघेव अभंग राहिली आहे.

आणि तरी याच नियमावलीत एक विलक्षण तरतूद आहे. संघात एक किंवा दोनच गडी उरले असतील तर संघनायक त्यांना स्वतःहून बाद जाहीर करू शकतो. उरलेल्या गड्यांइतके गुण आणि लोणाचे दोन गुण प्रतिपक्षाला द्यावे लागतात. पण मोबदल्यात संपूर्ण संघ एकदम जिवंत होतो. एकेकाने झिजत मरण्यापेक्षा जाणूनबुजून संपावे व सर्वांनी मिळून पुन्हा सुरुवात करावी, अशी ही मुभा आहे. अगदी काही गुणांच्या फरकावर सामना असताना हा निर्णय घेणे सोपे नसते. मैदानावर उरलेला एकटा गडी थोडा वेळ तगून आपल्या एखाद्या सोबत्याला उठवील काय, हा हिशेब नायकाला दमाच्या तीस सेकंदांत करावा लागतो. गामिनीतील संपूर्ण संहाराची कल्पना अधिकृत नियमांत अशा रीतीने मागील दाराने टिकून राहिली, असे मला वाटते. लोण हे गामिनीचेच अवशेष आहे. फक्त तेथे तो एकमेव गुण होता, येथे तो दोन जादा गुणांपुरता उरला.

आजची स्थिती आणि एक काम

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर खेळ मातीवरून मॅटवर आणि मॅटवरून दूरचित्रवाणीवर गेला. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून दहाव्या पर्वाचे विजेतेपद मिळविले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कोणत्या संघाचे किती गडी मैदानात आहेत हे सतत दाखविले जाते, आणि समालोचक ‘रिव्हाइव्ह’ हा शब्द सर्रास वापरतात. संगणकावर ठोकळ्यांचे जग रचणाऱ्या मुलाला तो शब्द परिचित आहे. ‘संजीवनी’ त्याच्या कानावरून गेलेला असेलच असे नाही. शब्द बदलला याची खंत करीत बसण्यात फारसे हशील नाही. परंतु शब्दाबरोबर दोन कल्पनांतील अंतर पुसले जाऊ नये. त्याच्या ठोकळ्यात त्याने स्वतः भरलेली शक्ती असते आणि ती वापरताना त्याला कोणाचे देणे लागत नाही. कबड्डीच्या पट्टीत बसलेल्या गड्याला स्वतःसाठी काहीही करता येत नाही. त्याचे परतणे पूर्णतः मैदानावर उरलेल्यांच्या हाती असते.

अमर आणि गामिनी हे प्रकार शालेय व महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांतून हद्दपार झाले आहेत. पाठ्यपुस्तकांत त्यांच्या वाट्याला दोन-दोन ओळी येतात, आणि त्याही एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरविलेल्या. शिक्षक त्या वाचून दाखवितात, विद्यार्थी परीक्षेत लिहितात. खेळत कोणीच नाही. छापील नियमावल्यांनी जे निवडले तेवढेच इतिहास म्हणून उरते, हा धोका येथे प्रत्यक्ष दिसतो. मुळशी, मावळ, भोर, पुरंदर या पुण्याभोवतीच्या तालुक्यांत ज्यांनी छापील नियमांचा वारा लागण्यापूर्वीचा हुतूतू खेळला अशी पिढी आज सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहे. इतिहास विभाग व शारीरिक शिक्षण विभाग यांनी एकत्र येऊन त्यांच्या मुलाखती घेणे हे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. वही, ध्वनिमुद्रक आणि शनिवारची सुट्टी पुरेशी आहे. प्रश्नावली कौशल्यांपासून सुरू न करता मरणापासून सुरू करावी. गडी मेला की कोठे बसायचा? कोणाच्या सांगण्यावरून उठायचा? आधी मेलेला आधी उठायचा, की ज्याची गरज तो? वयाने लहान असलेल्याला निराळी सवलत होती काय? आणि सगळेच मेले म्हणजे डाव मोडून सारे घरी जायचे, की पुन्हा रेघ ओढून उभे राहायचे?